अजून चिमूटभर

सोमवार, ४ मार्च

डॉक्टर म्हणाला, "सर, राग आला की बोलायचं नाही. लिहायचं." हा डॉक्टर म्हणजे एके काळी माझ्या तासाला बूट विसरून येणारा पोरगा. मैदानाला फेऱ्या मारायला लावून मी त्याला माणसात आणला, आणि आता तो माझ्या दंडाला पट्टा बांधून मलाच शिस्त शिकवतोय. शाळेत खेळाचा मास्तर होतो तेव्हा शिट्टी फुंकली की अख्खं मैदान चिडीचूप. निवृत्त झालो आणि रक्तदाब चढला. म्हणून ही वही.

तर आजचा राग. मीठ बंद! अगदी बंद नाही, "नावापुरतं घ्या" म्हणे. हिनं ते इतकं मनावर घेतलंय की माझी भाजी वेगळ्या पातेल्यात शिजते. ती खाताना आपण माणूस आहोत की गोठ्यातलं जनावर, असा प्रश्न पडतो.

हिचं मात्र जोरात चाललंय. इतकी वर्षं घरातून डबे दिले, आता इमारतीखालचा रस्त्याकडचा गाळा घेतलाय. सहा टेबलं, दुपारचं जेवण, बस्स. एक एप्रिलला उघडणार. मी म्हटलं, "अगं, मूर्खांचा दिवस आहे तो."

"असू दे की. तुम्ही दारात उभे राहणारच आहात, शोभेल."

ही अशी जीभ. मीठ नको म्हणतात ते हिला लागू नाही.

बुधवार, ६ मार्च

आज नवल घडलं. हिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, तेही चाखायला!

आजवर मला तिथं थारा नव्हता. "तुमची जीभ म्हणजे चपलेचा तळ," असं भर पंगतीत म्हणालेली बाई आहे ही. आणि हिला स्वतःलाही चाखावं लागत नाही. झाकण उचलायचं, तोंड पुढं करून एक वास घ्यायचा, आणि "मीठ हवंय" किंवा "पुरे". झालं. मुलगी लहानपणी मुद्दाम गुपचूप मीठ टाकून आईची परीक्षा घ्यायची, तर ही वासावरून कान पकडायची. एकदाही चुकलेली मी पाहिली नाही.

आज झाकण उचलून बराच वेळ तशीच उभी होती. मग म्हणाली, "अहो, जरा बघता का चाखून?"

चमचाभर रस्सा घेतला. अहाहा! मीठ! किती दिवसांनी जिभेला घरचं माणूस भेटलं. म्हटलं, नीट कळलं नाही, पुन्हा दे. दुसऱ्या चमच्यानंतर म्हटलं, "अजून चिमूटभर चालेल." तिनं निमूट टाकलं. मग तपासणीसाठी तिसरा घ्यावाच लागला.

डॉक्टरला माझ्या ताटातलं मीठ बंद करता येतं. चाखण्यातलं कसं करेल?

शनिवार, ९ मार्च

आता रोज बोलावणं असतं. शेवटी माझी किंमत कळली म्हणायची. गाळा जवळ आला म्हणून जबाबदारीची जाणीव झाली असावी.

फेब्रुवारीतल्या त्या सर्दीतापानंतर ही जरा निवळलीच आहे. पूर्वी मी फिरून आलो की माझ्या बुटांवरून घर डोक्यावर घ्यायची, "गॅलरीत टाका ते मढं." आता चकार शब्द नाही. काल दूध करपलं तर ही तिथंच ओट्याशी मटार सोलत बसलेली. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो तेव्हा उठली. गाळ्याच्या विचारात होती, म्हणाली. व्यवसाय म्हटला की असं होणारच.

रस्सा आजही मला बेताचाच वाटला. म्हटलं, अजून चिमूटभर. खोटं कशाला लिहू, थोडी लालूच असते मनात. पण कमी वाटतं हेही खरं.

मंगळवार, १२ मार्च

वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. एकटा जीव, हिच्या डब्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. हळूच म्हणतात, "सर, काकूंना सांगू नका, पण हल्ली मीठ जरा..."

"जरा काय?"

"जरा हात सुटल्यासारखा वाटतो."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्ही दिवसभर खोटं बोलता, त्यानं तोंड खारट होत असेल." बिचारा ओशाळून वर गेला. हिला काही सांगितलं नाही. ऐन तोंडावर खच्ची कशाला करायचं?

गुरुवार, १४ मार्च

शनिवारी लग्नाचा वाढदिवस. मी म्हटलं, तुझ्या हातचं काहीतरी कर, त्या दिवसापुरतं मीठ घालून. तर ही काय म्हणते? नदीकाठच्या त्या महागड्या हॉटेलात जायचं. तेच ते, जिथं दार उघडायला वेगळा माणूस आणि खुर्ची ओढायला वेगळा.

मी चक्रावलो. रिक्षाला पैसे पडतात म्हणून भाजीच्या पिशव्या घेऊन चालत येणारी ही बाई. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जा ना, तिला बघायचं असेल मोठी हॉटेलं कशी चालतात." मग पटलं. अभ्यास म्हणून जायचंय.

पण हिला विचारलं तर वेगळंच. "एकदा सगळ्यात चांगलं खाऊन बघायचंय," एवढंच म्हणाली. हट्टानं म्हणाली. हिचा हट्ट मी मुलीच्या जन्मानंतर आजच पाहिला.

रविवार, १७ मार्च

काल जाऊन आलो. काल लिहिलं असतं तर कागद फाटला असता.

पहिलं म्हणजे अंधार. टेबलावर एक एवढीशी पणती, मेनू वाचायला मी मोबाइलची बॅटरी लावली तर शेजारच्या बाईनं अशी मान वळवली की जणू मी पंचा नेसून आलोय. हिच्या हातातल्या मेनूवर भावच छापले नव्हते, माझ्या मेनूवर होते. म्हणजे छातीत कळ आली तर फक्त नवऱ्याच्या.

मग प्लेटा. एकेक प्लेट माझ्या शाळेतल्या थाळीफेकीच्या थाळीएवढी, आणि मधोमध शर्टाच्या बटणाएवढं खाणं. पांढरे हातमोजे घातलेला वेटर पाठ केल्यासारखं सांगणार. एका चमच्यात नुसता फेस होता. "सर, हा समुद्राचा श्वास आहे." म्हटलं, बाळा, आमच्या बेसिनलाही असाच श्वास लागतो, प्लंबर बोलवावा लागतो.

सूप कोमट. मासा आतून गार. गाजर तर एका बाजूनं चक्क जळून कोळसा झालेलं. मी बाजूला काढलं, हिनं मात्र अख्खं खाल्लं. सावकाश, डोळे मिटून, चावून चावून. सगळंच ती तसं खात होती. दर घासाला मला विचारायची, "तुम्हाला काय लागतंय?"

"मला भूक लागतेय," मी म्हटलं. हसली नाही.

वेटरलाही विचारलं, "यात वास कशाचा यायला हवा?" त्यानं चार पानांची नावं सांगितली. हिनं मान डोलावली. मला वाटलं, शिकतेय बाई.

मग ते काचेचं झाकण आलं. उलटा वाडगा, आत धूर कोंडलेला. वेटरनं ऐटीत उचललं तसा धूर टेबलभर पसरला. शेजारच्या टेबलावरून "वाः!" असा आवाज आला, आणि मला तर शेकोटीपाशी बसल्यासारखा ठसका लागला. हिनं पदर सावरला आणि तोंड पार प्लेटवर नेलं, घरी पातेल्यावर नेते तसं. धूर विरेपर्यंत तशीच वाकून होती. मागं टेकली तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हटलं, एवढ्या जवळ जायचं कशाला, धूर जाणारच डोळ्यांत. ती उठून हात धुवायला गेली ती किती वेळ आलीच नाही.

तेवढ्यात मी मॅनेजरला बोलावून घेतलं. गाजर दाखवलं. तो म्हणाला, "सर, ते मुद्दाम जाळलेलं आहे." मी म्हटलं, मग स्वयंपाकीही मुद्दामच ठेवला असेल. ही परत आली, तिनं माझा हात दाबला. "सगळं छान होतं हो," मॅनेजरला म्हणाली. मला इतकं लागलं ते! नवरा एकटा लढतोय आणि ही शत्रूच्या बाजूनं.

येताना रिक्षात खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिथंही काही नाही हो."

"तेच तर मी मघापासून सांगतोय!" मला एवढा आनंद झाला की उरलेला राग पळाला. आमचं एकमत वर्षाकाठी एकदा होतं, ते नेमकं वाढदिवसाला झालं. पण घरी येईपर्यंत ती रडतच होती. पैसे गेले म्हणून, दुसरं काय. मी म्हटलं, जाऊ दे, समज थोबाडीत मारून घेतली.

आज सकाळी हॉटेलला खरमरीत तक्रार पाठवली. गाजराच्या फोटोसकट.

बुधवार, २० मार्च

वकिलांनी डबा बंद केला. काम बाहेरगावी आहे म्हणे. काल संध्याकाळी पिझ्झाचा खोका घेऊन जिना चढताना मी स्वतः पाहिलं.

ही ओट्याला टेकून म्हणाली, "गाळा परत करून टाकू का?"

वीस वर्षं हे एकच स्वप्न. मुलीचं लग्न, माझ्या आईचं आजारपण, प्रत्येक वेळी हिनं ते पुढं ढकललं आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. आता शटरला रंगसुद्धा देऊन झालाय. मी म्हटलं, "त्या हॉटेलवाल्यांनी तुझा धीर घालवला. त्यांची ऐपत नाही तुझ्या चुलीपाशी उभं राहायची."

"माझा हात गेला," ती म्हणाली.

"काही गेला नाही. मी चाखतोय ना रोज?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मध्येच खोकला आला.

रविवार, २४ मार्च

गाळ्याची रंगीत तालीम. मुलगी आणि जावई आले. रस्सा, भात, दोन भाज्या. रस्सा आणि भाज्या मीच चाखल्या होत्या, प्रत्येकात चिमूटभर वाढवलं होतं.

मुलीनं पहिला घास घेतला आणि सरळ पाण्याचा ग्लास उचलला. "आई! अगं, खारट ढाण झालंय. तू चाखलं नाहीस?"

हिनं पातेल्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही चाखलंत?"

"मला बरोबर वाटलं," मी म्हटलं. जावई भात चिवडत राहिला.

मग ही खुर्चीवर बसली आणि मुलीचा हात धरून म्हणाली, "मला काहीच कळत नाही गं. तापापासून वास नाही. चव नाही. खारट, गोड, सगळं ओल्या कापसासारखं. आज येईल, उद्या येईल म्हणून कुणाला बोलले नाही."

मुलगी रडायला लागली. "म्हणून त्या हॉटेलात गेलीस?"

"वाटलं, स्वतःच्याच हाताला विटले असेन. एवढे पैसे घेतात, तिथं तरी काहीतरी लागेल जिभेला. ते काचेचं झाकण उचललं ना, सगळे वा वा करत होते, ह्यांना ठसका लागला. मला नुसता धूर दिसत होता."

मी तिथं होतो. टेबलापलीकडे, हातभर अंतरावर, गाजर मोजत बसलो होतो. बुटांचं, दुधाचं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि मी काय केलं, तर स्वतःची किंमत वाढली म्हणून छाती फुगवली. गाढव म्हणतात ते यालाच.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. इथंही पुन्हा लिहीत नाही.

मंगळवार, २६ मार्च

दोघं डॉक्टरकडे गेलो. त्यानं हिला निवांत तपासलं. म्हणाला, "काकू, तापानंतर होतं असं. बहुतेकांचा वास परततो, काहींचा अर्धामुर्धा, काहींचा नाही. मी खोटी आशा देणार नाही." चार बाटल्यांचा व्यायाम दिलाय. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. रोज दोनदा एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. नाकाची कवायत. म्हटलं, हे खातं माझं, शिट्टी आहे अजून माझ्याकडे. ही किंचित हसली.

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण निघताना डॉक्टर म्हणाला, "सर, बसा, तुमचंही बघू." पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला. कपाळाला आठी.

"चांगलंच वाढलंय. मीठ कुठून खाताय, सर?"

"छे! हिला विचार. बिनमिठाचं गवत खातोय."

"हो रे," ही म्हणाली, "ह्यांचं पातेलंच वेगळं..." आणि थांबली. मला वाटतं त्या थांबण्यात ती सहा तारखेपासून आजपर्यंत एकेक दिवस फिरून आली.

"चाखताना," ती म्हणाली. एवढंच.

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागला. शाळेत त्याचे बूट नसायचे तेव्हा मी त्याच्याकडे कसा बघायचो, ते मला आठवलं. तो तसं बघत नव्हता हे उलट जास्त लागलं.

रस्त्यानं ती पुढं चालत राहिली. घरी पोचल्यावर मी म्हटलं, "अगं, मला खरंच कमी वाटायचं."

"तीन-तीन चमचे लागायचे कमी वाटायला?"

मी वाकून बूट काढत बसलो.

"आंधळ्यानं काठी धरावी तसं धरलं होतं तुम्हाला. वकील गेले, मला वाटलं माझा हात गेला. गाळा सोडायला निघाले होते मी! आणि तुम्ही माझ्या पातेल्यात तुमची जीभ पोसत होतात." ओरडली असती तर सोसलं असतं. हे सगळं ती भांडी विसळता विसळता बोलली.

वकिलांनी जिन्यात सांगितलं होतं तेही मग मी सांगून टाकलं. आधीच बुडालेल्याला अजून काय बुडायचं? ती म्हणाली, "त्यांना उद्या जाऊन माफी मागा." आणि आत गेली.

बुधवार, २७ मार्च

माफी मागितली. वकील भला माणूस. म्हणाले, "पिझ्झानं पोट बिघडलंय, काकूंना सांगा लवकर उघडा."

शुक्रवार, २९ मार्च

चाखायला मुलगी येते. मी बाहेर खुर्च्या पुसतो. पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज येतो, मग मुलगी म्हणते "बस, आई," आणि मग झाकण पडतं. मला कुणी हाक मारत नाही. बोलणं आहे, पण कामापुरतं. "पाणी भरलं का", "टेबलाचा पाय डुगडुगतो." तीन वेळा पुसलेली खुर्ची मी चौथ्यांदा पुसतो.

नाकाच्या कवायतीला मात्र येऊन बसते. मी बाटली समोर धरतो. "लवंग," मी सांगतो. ती डोळे मिटते, भुवया आक्रसते. "काही?" "नाही." मग लिंबू. मी शिट्टी आणली नाही. इथं कसली आलीय शिट्टी.

शनिवार, ३० मार्च

हॉटेलचं उत्तर आलं. दिलगिरी, आणि सोबत दोघांच्या जेवणाचं कूपन, वर्षभरात कधीही या. तक्रार लिहिताना केवढा आवेश होता माझा! आता ते कूपन हातात घ्यायचीही लाज वाटली. फाडणार होतो, तर ही म्हणाली, "ठेवा."

"त्या गाजरासाठी?"

"वास आला परत, तर तो धूर पुन्हा हुंगायचाय मला." तिनं ते मसाल्याच्या डब्याखाली सरकवलं. वर्षभर चालतं, हे मी पुन्हा एकदा वाचून घेतलं.

सोमवार, १ एप्रिल

गाळा उघडला.

सकाळीच मुलीचा फोन. नातीला ताप, येता येत नाही. ही फोन ठेवून तशीच उभी राहिली. मोठ्या पातेल्यात रस्सा रटरटत होता. दारात वकील येऊन बसले होते, त्यांच्या ऑफिसातल्या चौघांना घेऊन. मी टेबलांवर पाणी ठेवत होतो आणि आत बघायचं धाडस होत नव्हतं.

तिनं झाकण उचललं. सवयीनं तोंड पुढं केलं, वाफेत. थांबली.

"अहो."

मी आत गेलो. तिनं चमचा भरला, फुंकर घातली आणि माझ्यासमोर धरला, पण हातात दिला नाही. मी तिच्याच हातून घेतला. रस्सा जिभेवर आला आणि माझ्या सगळ्या अंगानं सांगितलं, कमी आहे, चिमूटभर हवंय, चांगली दणदणीत चिमूट. इतकं खरं वाटत होतं ते! मी तोंड उघडलं आणि मिटलं. काय म्हणावं? कमी म्हटलं तर माझी जीभ बोलतेय. बरोबर म्हटलं तर मी खोटं बोलतोय. बाहेर पाच माणसं उपाशी, आणि ही माझ्या तोंडाकडे बघतेय. डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. ती सोसवेना.

"तुझी शपथ," मी म्हटलं, "मला सांगता येत नाही गं."

तिनं क्षणभर विचार केला. "तुम्हाला कमी वाटतंय?"

"हो."

"खूप?"

"खूप नाही. चिमूटभर."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. मिठाची बरणी तिनं वरच्या फळीवर ठेवून दिली आणि रस्सा वाढायला घेतला.

वकिलांनी ताट पुसून खाल्लं. दुसऱ्यांदा भात मागितला. ती पदराला हात पुसत दाराआड उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, प्रत्येक घासाकडे.

चमचा तिथंच ओट्यावर पडला होता, पातेलंही उघडं होतं. मी चमचा उचलला, नळाखाली धुतला आणि जागेवर ठेवला.